शिक्का ग्रामीण, मजकूर राजकीय : ‘बारोमास’ पुन्हा वाचताना

मराठीतल्या राजकीय कादंबरीचा विषय निघाला की एक ठरलेली यादी पुढे येते. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७), रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ (१९९४), आणि चित्रपट असूनही हक्काने या पंगतीत बसणारा तेंडुलकर-जब्बार पटेलांचा ‘सामना’. या यादीत सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) सहसा नसते. तिच्यावर पहिला शिक्का बसला तो ग्रामीण कादंबरीचा. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच सुमारास विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या देशभर चर्चेत आल्या आणि दुसरा शिक्का बसला, शेतकऱ्याच्या दैन्याच्या कादंबरीचा. दोन्ही शिक्के खोटे नाहीत. पण शिक्का पडला की पाकीट कोणी उघडत नाही, तसे या कादंबरीचे झाले. माझे म्हणणे असे आहे की ‘बारोमास’ ही सत्तेच्या आश्रयावर आणि त्या आश्रयाच्या बाजारभावावर लिहिलेली राजकीय कादंबरी आहे. ती तशी वाचली गेली नाही, हा दोष आपल्या समीक्षेचा आहे.

मी प्राध्यापक नाही. उंद्रीला राहतो, वाचतो, वह्या भरतो. देशमुखांचे अमडापूर आमच्याच चिखली तालुक्यातले, तेव्हा जवळच्या माणसाची तळी उचलतो असे कोणी म्हणेल. म्हणू दे. याच कादंबरीत मला जे कमी वाटते तेही पुढे येणारच आहे.

आधी शब्दांकडे पाहू, कारण भ्रष्टाचाराचा इतिहास शब्दांत चांगला टिकतो. ‘वशिला’ हा अरबीतून आलेला शब्द. मूळ अर्थ साधन, मध्यस्थी. ‘वशिल्याचे तट्टू’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पैसा येत नाही. मामा येतो, सोयरा येतो, जातीतला पुढारी येतो. पैशाचा शब्द वेगळा होता. पेशवाईत मामलत पदरात पाडून घेताना दरबारातल्या मंडळींना आतल्या आत जे द्यावे लागे, त्याला ‘अंतस्थ’ म्हणत. कागदावर न येणारी, पण सगळ्यांना ठाऊक असलेली रक्कम. मामलेदार ती पुढे रयतेकडून वसूल करी. आमचा वऱ्हाड निजामाकडे होता, तिथेही निराळे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिवाण चंदूलालच्या कारभारात तालुके मक्त्याने दिले जात. जास्त बोली लावणारा आला की आधीच्याची उचलबांगडी, आणि दोघांचीही भर कुणब्याच्या खळ्यावरून. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला तो निजामाच्या कर्जापोटी. म्हणजे जागा विकत घ्यायची आणि तिची किंमत खालच्याकडून काढायची, ही रीत लोकशाहीने आणलेली नाही. लोकशाहीने तिला ‘डोनेशन’ हे नाव दिले. खेड्यातली निरक्षर म्हातारीही हा शब्द बिनचूक उच्चारते.

आता ‘सिंहासन’. साधूंचे मोठेपण मी मानतो. मराठी कादंबरीला त्यांनी खलनायकाच्या तावडीतून सोडवले. त्यांच्या मुंबईत मुख्यमंत्री, त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवलेला अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, वार्ताहर अशी सगळीच माणसे आपापला हिशेब करतात, आणि त्या हिशेबांच्या बेरजेला सरकार म्हणतात. जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये या दोन्ही कादंबऱ्यांवरून चित्रपट केला. त्याच्या शेवटी दिगू टिपणीस हा पत्रकार वेड्यासारखा हसत सुटतो, ते हसू महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. गंमत पाहा, त्याच निळू फुल्यांनी चार-पाच वर्षे आधी ‘सामना’त हिंदूराव धोंडे पाटील हा साखरपट्ट्यातला सर्वसत्ताधीश उभा केला होता. आश्रयदाता आणि साक्षीदार यांना एकच चेहरा मिळाला. मराठी समीक्षेने या योगायोगाचे काही करायला हवे होते, पण ते असो.

साधूंनंतर वास्तवाने त्यांच्या कथानकाला पुरवण्या जोडल्या. सिमेंटची टंचाई होती आणि वाटप सरकारच्या हाती होते. १९८१ च्या ऑगस्टअखेर अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाचे प्रकरण मांडले. बिल्डरांनी प्रतिष्ठानाला दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांचे नाते जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांनी निकालात मान्य केले आणि अंतुले गेले. १९८६ मध्ये मुलीच्या वैद्यकीय परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणावरून शिवाजीराव पाटील-निलंगेकर गेले. १९९५ मध्ये भ्रष्टाचाराच्या मुद्द्यावर रान उठवून युती सत्तेवर आली, आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे युतीच्याही मंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढे आघाडी आली. तिच्या मंत्र्यांवरच्या आरोपांसाठी २००३ मध्ये न्या. पी. बी. सावंत आयोग नेमावा लागला. २०१० मध्ये ‘आदर्श’मुळे अशोक चव्हाण गेले. माणसे जात राहिली, पक्ष बदलत राहिले.

यातले एक प्रकरण मला समीक्षेच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते, ते अंतुल्यांचे. तिथे लाच नव्हती, देणगी होती. घेणारा माणूस नव्हता, प्रतिष्ठान होते. उद्देश तर कलावंतांना आणि गुणवंतांना मदत करण्याचा. आता हीच रचना मंत्रालयातून उचलून तालुक्याला आणून ठेवा. प्रतिष्ठानाच्या जागी शिक्षण संस्था, सिमेंटच्या जागी शिक्षकाची जागा, बिल्डरच्या जागी चार एकर कोरडवाहूचा धनी. अंतुल्यांची देणगी उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि सरकार हलले. सांजोळची देणगी कुठेच जात नाही. ‘बारोमास’ इथून सुरू होते.

सांजोळ हे त्या कादंबरीतले गाव. सुभानराव बाप, शेवंतामाय आई, एकनाथ थोरला, मधू धाकटा. एकनाथ उच्चशिक्षित आहे, शिक्षक होण्याची सगळी पात्रता त्याच्याकडे आहे. नाही तो संस्थेला द्यायला पैसा. म्हणून तो शेतीत आहे. त्याची बायको अलका शिकलेली, शेतातल्या संसारात न रमणारी. बहुतेक समीक्षकांनी अलकेकडे शहरी ओढीची, समजूत नसलेली बाई म्हणून पाहिले, नाहीतर ग्रामीण-शहरी संघर्षाच्या खात्यात तिला जमा केले. मला ती वेगळी दिसते. आमच्या भागात नोकरदार नवऱ्याचा आणि कास्तकार नवऱ्याचा हुंडा कधीच एक नव्हता. मुलाच्या बापाने शेत विकून डोनेशन भरले, तर ते तो मुलीच्या बापाकडून हुंड्यात काढी. मुलीचा बापही शेतच विकी. संस्थाचालकाच्या टेबलावर ठरलेला भाव असा दोन घरांची शेते ओलांडून लग्नाच्या बैठकीपर्यंत येतो. अलकेचा रुसवा या बाजारातल्या फसलेल्या व्यवहाराचा रुसवा आहे. तिच्या नवऱ्याची पदवी खरी आहे, जागा मात्र नाही. एका घरातला हा नवरा-बायकोचा कलह मी सरकारच्या अनुदान धोरणापासून वेगळा काढू शकत नाही.

अनुदान धोरण म्हटले की साहित्याचा वाचक पान उलटतो. जरा थांबावे. अनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि नेमणूक संस्था करते. म्हणजे संस्थाचालक विकतो ती स्वतःची वस्तू नसते. तो सरकारचा तीस वर्षांचा पगार एकरकमी विकत असतो. कोणत्याही पुढाऱ्याला याहून स्वस्त आणि टिकाऊ आश्रय वाटता येत नाही. नेमलेला शिक्षक निवडणुकीत बूथवर बसतो, त्याचे घर मत देते, त्याचे सोयरे मत देतात. आणि पैसा मोजून जागा घेतली असूनही तो साहेबांचा ऋणी राहतो! पैसे देऊन उपकृत होणे, हा या व्यवस्थेचा गाभा आहे. ‘सिंहासन’मधल्या कुठल्याही मुरब्बी मंत्र्याला हे जमलेले नाही.

‘बारोमास’ची खरी धार मला इथे लागते. जागा विकली जाते याचा संताप त्या जगात फारसा कोणाला नाही. दुःख आहे ते आपल्याला ती विकत घेता आली नाही याचे. बैलजोडीचा भाव विचारावा तसा जागेचा भाव विचारला जातो, आणि परवडला नाही तर माणूस बाजाराला नव्हे, नशिबाला दोष देतो. एकनाथ या हतबलतेत इतरांपेक्षा जास्त जागा आहे, विचार करणारा आहे. पण पैसा असता तर त्याने तो मोजला नसता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. दिगू टिपणीस वेडा होऊ शकतो, कारण तो बाहेर उभा राहून पाहतो. एकनाथला ती चैन नाही. त्याला उद्या सकाळी वखर धरायची आहे.

मग ही कादंबरी राजकीय का ठरली नाही? कारण तिच्यात मंत्री नाही. ग्रामीण साहित्याच्या चळवळीने १९७७ नंतर खेड्याला मानाचे पान दिले, ते तिचे मोठे काम. पण त्यासोबत एक वाटणीही झाली. मुंबई-मंत्रालय म्हणजे राजकारण; शेत, पाऊस, बैल म्हणजे ग्रामीण. खेड्यातल्या सत्तेवर मराठीत कमी लिहिले गेले असे नाही. शंकर पाटलांची ‘टारफुला’ (१९६४) पाटील गेल्यावर गावात मोकळ्या झालेल्या सत्तेवरच आहे. पण आपल्या वाचकाची सवय ग्रामीण विनोदी कथेने लावली. सरपंच बेरकी, आमदार ढेरपोट्या, निवडणूक म्हणजे धमाल. वगनाट्यात कोतवालाच्या रिकाम्या जागेवर कोणाला बसवायचे यावरून राज्य हलते आणि आपण पोट धरून हसतो. ज्याच्या बापाने त्या जागेसाठी शेत विकले त्याला हे हसू कसे ऐकू येत असेल, हा प्रश्न ‘बारोमास’च्या आधी मला कोणी विचारलेला आठवत नाही.

‘सामना’बद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मारुती कांबळेचे काय झाले, हे पुन्हा पुन्हा विचारणारे मास्तर मला फार प्रिय आहेत. पण विदर्भातला प्रेक्षक तो चित्रपट परमुलखाचा म्हणून पाहतो. तिकडच्या पुढाऱ्याने निदान कारखाना काढला, धुराडे उभे केले. आमच्याकडचा आश्रय उत्पादनातून नव्हे, रांगेतून उभा राहिला. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये आली. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकऱ्याला सोडवायचे. पण संकलन केंद्रावर गाड्यांची रांग लागली, आणि रांग लागली की रांग तोडण्याचा अधिकार जन्माला येतो. कोणाची गाडी आधी काट्यावर जाणार, ग्रेडर कोणाच्या कापसाला कोणता दर्जा देणार, चुकारा कधी निघणार. यातल्या प्रत्येक प्रश्नाला एक माणूस चिकटलेला असे, आणि त्या माणसाला वरचा एक पुढारी. योजना मोडीत निघाली, माणसे बाजार समितीत आणि पतसंस्थांत गेली. आमच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, तेव्हा नागपूर आणि वर्ध्याच्या बँकाही त्याच पंगतीत होत्या. अडकल्या त्या सामान्य खातेदारांच्या ठेवी. त्या काळात ज्यांच्या घरी लग्न निघाले त्यांनी काय केले, यावर एक कथासुद्धा माझ्या वाचनात आलेली नाही.

‘बारोमास’मध्ये मला कमी काय वाटते ते आता सांगतो. देशमुखांचे लक्ष होरपळीवर इतके आहे की होरपळवणारा पडद्याआड राहतो. संस्थाचालक हा भाव सांगणारा आवाज आहे, माणूस नाही. साधूंना प्रत्येक सत्ताधाऱ्याची भीती, हाव, झोप न येणे ठाऊक आहे. देशमुखांना ते ठाऊक करून घ्यावेसे वाटलेले नाही. त्यामुळे व्यवस्था कधी कधी दुष्काळासारखी, आभाळातून पडलेली भासते, आणि समीक्षकांना तिला दैवाच्या खात्यात टाकणे सोपे जाते. याबाबतीत ‘ताम्रपट’ पुढे आहे. १९४२ पासून १९७९ पर्यंतच्या नगरकडच्या प्रदेशात चळवळीतून सत्ता कशी घडते आणि सडते, हे पठाऱ्यांनी वरून आणि खालून दोन्हीकडून पाहिले. पण त्यांचा काळ १९७९ ला संपतो, आणि शिक्षण हा मुख्य धंदा होण्याची गोष्ट त्यानंतरची, १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी-वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले तिथून पुढची.

‘बारोमास’ आली त्याच्या आदल्या वर्षी, २००१ मध्ये, नव्या शाळांसाठी ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण आले. २००९ मध्ये त्यातला ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. एका विशेषणाच्या जाण्याने हजारो शिक्षकांना पगाराची आशा लागली. मग अनुदान टप्प्याटप्प्याने, वीस वीस टक्के. मधली कित्येक वर्षे बिनपगारी शिकवणारी माणसे आझाद मैदानावर बसत राहिली. डोनेशन देऊन बिनपगारी! सरकारे आघाडीची होती, युतीची होती, पुन्हा वेगळ्या आघाडीची होती. प्रत्येकाने टप्पा देण्याचे श्रेय घेतले. मेहेरबानी हप्त्याने दिली की ऋणही हप्त्याने टिकते.

सुधारणाही झाल्या, नाही असे नाही. २०१७ नंतर अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ पोर्टल आले. गुणानुक्रमाने भरती, कागदोपत्री चोख. पण खासगी संस्थांसाठी त्यात दोन पर्याय ठेवले गेले, ‘मुलाखतीशिवाय’ आणि ‘मुलाखतीसह’. दुसऱ्या पर्यायाच्या त्या एका शब्दात सांजोळचे सगळे टेबल मावते. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतल्या गैरव्यवहारात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण निघाले आणि शिक्षण उपसंचालक गजाआड गेले. या दोन घटनांमध्ये मुंबईत दोनदा सरकार बदलले होते.

वरच्या मजल्यावरचे उदाहरण हवे असेल तर आमच्याच जिल्ह्यातले पूर्णा नदीवरचे जिगाव धरण घ्या. खर्च शेकड्यांवरून हजारो कोटींवर गेला, गावे उठली किंवा उठण्याच्या वाटेवर वर्षानुवर्षे बसून राहिली. विदर्भ पाटबंधारे महामंडळाच्या ३८ प्रकल्पांचा खर्च २००९ मध्ये काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आला, हे आकडे गाजले. जिगावच्या कंत्राटाचा विषय नागपूर खंडपीठापुढच्या जनहित याचिकेत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरात ते परतले. पुढच्या वर्षी विरोधी पक्षाने पुराव्यांचे गठ्ठे बैलगाडीत घालून चितळे समितीकडे नेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेच विरोधक आणि तेच उपमुख्यमंत्री पहाटे एकत्र शपथ घेऊन मोकळे झाले. त्याच आठवड्यात नऊ प्रकरणांच्या फायली बंद झाल्या. त्यांचा अजितदादांशी संबंध नाही असे खात्याने सांगितले, आणि पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे प्रतिज्ञापत्रही दिले. कायद्याच्या भाषेत विषय तिथे आटोपतो. मला त्यात राहून राहून दिसते ती बैलगाडी. शेतकऱ्याचे प्रतीक म्हणून आणली आणि गठ्ठे उतरवून परत पाठवली. साधूंना हा प्रसंग सुचला असता, तर अतिरंजित म्हणून त्यांनी तो खोडला असता.

राजकीय कादंबरी आणि ग्रामीण कादंबरी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत एक माणूस उभा आहे. तो मंत्री नाही आणि एकनाथही नाही. तो कार्यकर्ता आहे. साहेबांचे पत्र खिशात घेऊन तहसीलला जाणारा, दवाखान्यात खाट मिळवून देणारा, मयतीला सगळ्यांत आधी पोहोचणारा, डोनेशनची रक्कम घासाघीस करून कमी करून देणारा आणि त्यातला आपला वाटा बाजूला काढणारा. १९९५ मध्ये त्याने एक गमछा काढून दुसरा घातला, १९९९ मध्ये पुन्हा पहिला, २०१४ मध्ये तिसरा. गावाने त्याला कधी गद्दार म्हटले नाही, कारण गावाची कामे अडली नाहीत. रात्री दोन वाजता बाळंतिणीसाठी गाडी काढणारा तोच, आणि निराधार योजनेच्या अर्जामागे चहापाणी घेणाराही तोच. त्याला खलनायक करणे सोपे आहे, त्याच्यावाचून गाव चालवणे अवघड. ‘सिंहासन’मध्ये तो दाराबाहेर ताटकळणाऱ्या गर्दीत असतो, ‘बारोमास’मध्ये पारावर. त्याच्या खिशातल्या पत्रासकट त्याला मध्यभागी घेणारी कादंबरी मराठीत मला अजून सापडलेली नाही.

एम.ए.च्या अभ्यासक्रमात राजकीय कादंबरीची प्रश्नपत्रिका जिथे असेल, तिथे ‘सिंहासन’ आणि ‘बारोमास’ शेजारी लावाव्यात, एवढी मागणी मी विद्यापीठाच्या मंडळींपुढे ठेवतो. वर्गात बसलेल्या पोरांपैकी निम्म्यांनी आपल्या घरात जागेचा भाव ऐकलेला असतो. प्राध्यापकांपैकी काहींनी तो मोजलेलाही असेल.